एक किलोमीटर पाणी आणि परतीची वेळ : खाडीच्या तोंडाशी केलेल्या छोट्या कयाक सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सहा माणसे, पाच कयाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या) आणि रविवारची एक सकाळ. रुंद खाडीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या बेटावर जायचे, तिथे थोडा वेळ थांबायचे आणि दुपारी परत यायचे, एवढाच बेत. माणसे आणि ठिकाण ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. सहलीनंतर सगळ्यांशी बोलून आणि प्रमुखाची नोंदवही पाहून हे लिहिले आहे.

गटाची प्रमुख अनेक वर्षे समुद्रात कयाक चालवणारी, उलटलेल्या माणसाला पाण्यातून परत कयाकमध्ये घेण्याचा भरपूर सराव असलेली. सहप्रमुखही तसाच अनुभवी. तो सगळ्यांच्या मागे राहणार होता. आणखी दोघे मध्यम तयारीचे. त्यांनी तलावात आणि खाडीच्या आतल्या भागात बऱ्याचदा वल्हवले होते, पण वाहत्या पाण्याचा मोठा पट्टा कधी ओलांडला नव्हता. या चौघांकडे एकेरी समुद्री कयाक होत्या : लांबी पाच मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम ५५ सेंटीमीटर. उरलेले दोघे, एक नवखे जोडपे, रुंद आणि उघड्या दुहेरी कयाकमध्ये. अशी कयाक सहसा उलटत नाही, पण हळू चालते आणि वाऱ्याला जास्त अंग देते. म्हणजे गटाचा वेग ठरवणारी कयाक ती होती. प्रमुखाने सपाट पाण्यात तिचा वेग अडीच नॉट धरला, म्हणजे ताशी सुमारे ४.६ किलोमीटर.

जागेची रचना अशी. उतरायचा रॅम्प उत्तर काठावर, खाडीच्या तोंडापासून दोन किलोमीटर आत. बेट दक्षिण काठाच्या जवळ, रॅम्पपेक्षा दीड किलोमीटर समुद्राच्या बाजूला. दोन काठांच्या मध्ये सुमारे एक किलोमीटर रुंदीचा मुख्य प्रवाहमार्ग. मच्छीमार होड्या आणि प्रवासी बोटी त्यातूनच जातात. बेटाच्या मागे ४०० मीटरवर दक्षिण किनारा आणि तिथपर्यंत आलेला रस्ता. तोंडाबाहेर उघडा समुद्र, पण दोन्ही बाजूंची टेकाडे पुढे आलेली असल्यामुळे बाहेरच्या लाटा आत फारशा येत नाहीत. नकाशावर बोट ठेवून कोणीही म्हणेल की हे आडोशाचे पाणी आहे, आणि वर्षातले बरेचसे तास ते तसेच असतेही.

पहिला बेत

मध्यम तयारीच्या दोघांपैकी एकाने बेत मांडला होता. रविवारी भरतीची वेळ दुपारी १२:०५. ओहोटीला रॅम्पच्या खालच्या टोकाशी गुडघाभर चिखल होतो, त्यामुळे भरतीच्या आसपास जावे हे त्याचे म्हणणे. दहाला निघायचे, पावणेअकराच्या सुमारास प्रवाहमार्ग ओलांडायचा, बेटाला वळसा घालायचा, बाराला बेटावरच्या वाळूत डबे उघडायचे, दोनला परतायचे. दोन्ही टोकांना भरपूर पाणी, भरपूर उजेड, कोणालाही पहाटे उठायची गरज नाही.

सहलीची तारीख पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येत होती. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण येते. चढउतार सर्वांत मोठा आणि प्रवाहही सर्वांत जोराचा. भरती-ओहोटीच्या कोष्टकात पहाटे ५:५० ला पाण्याची उंची ०.५ मीटर, दुपारी १२:०५ ला ४.३ मीटर आणि संध्याकाळी ६:१५ ला पुन्हा ०.५ मीटर होती. बेत मांडणाऱ्याने यातली मधली वेळ तेवढी वाचली. आजूबाजूचे दोन आकडे वाचले असते, तर ३.८ मीटर पाणी सहा तासांत याच तोंडातून आत येणार आणि तेवढेच बाहेर जाणार, हे लगेच दिसले असते.

नेमकी अडचण

पाणी सहा तास एकसारख्या गतीने चढत-उतरत नाही. जुना ढोबळ हिशेब असा : एकूण चढउताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी हलते. १२:०५ नंतरचा तिसरा आणि चौथा तास म्हणजे दुपारी दोन ते चार. पहिल्या बेतात परत ओलांडायची वेळ बरोबर दोनची होती.

त्यात दुपारचे खारे वारे. जमीन तापली की समुद्रावरची हवा जमिनीकडे सरकते. सकाळी उशिरा सुरुवात होते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास जोर शिगेला पोचतो. ओहोटी बाहेर ओढणार, वारा आत ढकलणार. प्रवाहाच्या विरुद्ध वारा वाहू लागला की लाटा आखूड, उभ्या आणि तुटक होतात. बारा नॉटचा वारा भरतीबरोबर वाहत असेल, तर नवखाही निभावून नेतो. तोच वारा ओहोटीच्या अंगावर आला की अनुभवी माणसालाही वल्हे सांभाळून टाकावे लागते.

प्रवाह किती असेल, याचा अंदाज कोष्टकातून मिळत नव्हता. इथे सहप्रमुखाने जे केले, ते मला या सगळ्या तयारीतले सर्वांत मोलाचे काम वाटते. शनिवारी तो दुर्बीण आणि घड्याळ घेऊन काठावर जाऊन बसला. त्या दिवशी भरती ११:१५ ला होती. नांगरलेल्या होड्यांची तोंडे समुद्राकडे होती, म्हणजे पाणी अजून आत येत होते. ११:१५ झाले तरी त्या तशाच होत्या. साडेअकरानंतर दोर सैल पडले, होड्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून रेंगाळल्या आणि ११:४५ च्या सुमारास एकेक करून फिरल्या. पाण्याची उंची थांबल्यावरही प्रवाह जवळपास अर्धा तास आत येत राहिला होता. खाडीच्या तोंडांशी हे पुष्कळदा घडते, आणि किती उशिराने घडते हे जागेवर बसूनच कळते. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे रविवारी पाणी १२:३५ च्या आसपास फिरणार, असा हिशेब निघाला.

दुपारी तो पुन्हा गेला. धक्क्याच्या कडेने वाहत जाणाऱ्या लाकडाच्या ढलपीला १०० मीटर जायला ८५ सेकंद लागले, म्हणजे २.३ नॉट. काठापाशी पाणी सहसा संथ असते. मधोमध ओहोटी तीन नॉट धरायला हरकत नव्हती. दुहेरी कयाकला एक किलोमीटर ओलांडायला १३ मिनिटे लागणार. तेवढ्यात तीन नॉटचा प्रवाह तिला १.२ किलोमीटर समुद्राकडे नेणार. नाक प्रवाहाकडे कितीही वळवले, तरी अडीच नॉटची कयाक तीन नॉटच्या पाण्यात जागा टिकवू शकत नाही. पहिल्या बेतातली दोनची वेळ या एका आकड्याने बाद झाली.

दुर्बिणीतून आणखी एक गोष्ट दिसली. बेटावर लाटांनी आणून टाकलेल्या काटक्या-पाल्याची रेघ खडकाला टेकली होती. म्हणजे उधाणाच्या भरतीत तिथली वाळू जवळजवळ पूर्ण बुडते. बाराला जिथे डबे उघडायचे ठरले होते, तिथे बाराला पाणी असणार होते. आणि परतता आले नाही तर बेटावर थांबू, हा मनातल्या मनात धरलेला आधारही त्याबरोबर गेला.

विचारात घेतलेले पर्याय

शनिवारी संध्याकाळी फोनवर बोलणे झाले. पहिला बेत तसाच ठेवायचा, हे कोणीच म्हटले नाही.

एक पर्याय होता सहल आठवडाभर पुढे ढकलायचा. पुढच्या रविवारी भांगाची भरती. चढउतार कमी, प्रवाह कितीतरी मंद, ओहोटी दुपारी पावणेबाराच्या सुमारास आणि तिची उंची १.७ मीटर, म्हणजे रॅम्पवर चिखलही नाही. त्यानंतर भरती सुरू होणार आणि ती खाऱ्या वाऱ्याच्याच दिशेने आत येणार. पाण्याच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला पर्याय होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो मागे पडला, कारण नवख्या जोडप्याला पुढचा रविवार जमत नव्हता आणि ही सहल मुख्यतः त्यांच्यासाठी होती.

दुसरा पर्याय बेट सोडून देण्याचा. भरतीबरोबर खाडीत आत जायचे, पाणी फिरले की ओहोटीबरोबर परत यायचे, प्रवाहमार्ग ओलांडायचाच नाही. अगदी सुरक्षित, फक्त चिखलाच्या पट्ट्यांवर अडकणार नाही याची काळजी घ्यायची. हा राखीव पर्याय म्हणून ठेवला.

तिसरा पर्याय तोच मार्ग, पण सगळ्या वेळा मागे खेचून. सकाळी आठच्या सुमारास पाण्याची उंची दीड मीटर होते, तेव्हापासून रॅम्प वापरता येतो. सव्वाआठला निघायचे, काठाला चिकटून तोंडापर्यंत जायचे, जोराच्या भरतीत ओलांडायचे आणि पाणी फिरायच्या आत परत यायचे. जोराचा प्रवाह यातही आहे, पण तो आत, खाडीच्या पोटात नेणारा. कोणी उलटले, वल्हे सुटले, कोणाला गळून आले, तरी सगळे रॅम्पच्याच दिशेने वाहत जाणार. सकाळी वाराही बेताचा. माझ्या मते निवड इथेच झाली : चुकले तर पाणी कुठे नेऊन सोडेल, याचे उत्तर ज्या बेतात बरे होते तो घेतला गेला.

ठरलेला आराखडा

बेटाच्या सरळ रेषेपेक्षा अर्धा किलोमीटर समुद्राच्या बाजूला जाऊन मग ओलांडायचे. नाक प्रवाहाकडे साधारण ३० अंश वळवून वल्हवले, तर दुहेरी कयाकला ओलांडायला १५ मिनिटे लागतात आणि अडीच नॉटच्या भरतीत ती अर्ध्या किलोमीटरहून जरा जास्त आत सरकते. म्हणजे तिरकी जात ती बेटापाशीच येते.

परतताना बेटावरून थेट रॅम्पकडे तिरके जाण्याचा मोह होणार, हे प्रमुखाला दिसत होते. सुमारे १.८ किलोमीटरचे ते अंतर बरेचसे प्रवाहमार्गातूनच जाते. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला नववा नियम सांगतो की २० मीटरपेक्षा लहान नौकेने, अरुंद मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाची वाट अडवू नये. म्हणून आधी काटकोनात उत्तर काठ गाठायचा, मग काठाने रॅम्प.

मर्यादा चार ठरल्या. बेटावरून निघण्याची वेळ ११:४५, काहीही झाले तरी. ९:१५ पर्यंत ओलांडण्याच्या जागी पोचलो नाही, तर खाडीत आत जायचे. ओलांडण्यापूर्वी हातातल्या वारामापकावर आठ नॉटपेक्षा जास्त दिसले किंवा मध्ये लाटांचे पांढरे माथे फुटताना दिसले, तरी आत जायचे. आणि बेटावर असताना वारा वाढू लागला, तर वेळेची वाट न पाहता निघायचे.

किनाऱ्यावरच्या एका मित्राला नावे, कयाकचे रंग, मार्ग आणि वेळा लिहून दिल्या. १२:३० पर्यंत फोन आला नाही तर त्याने फोन करायचा; १:१५ पर्यंत कोणाशीच संपर्क झाला नाही तर किनारी बचाव यंत्रणेला कळवायचे. प्रत्येकाच्या अंगात तरंगजॅकेट, त्याला शिट्टी. प्रमुखाकडे व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवरचा बिनतारी संच), संकटात मदत मागायच्या चॅनेल १६ वर लावलेला. दोन्ही अनुभवींकडे ओढदोर आणि पाणी उपसायचा पंप.

प्रत्यक्ष दिवस

उशीर रॅम्पवरच झाला. दुहेरी कयाकचे एक आसन नीट बसेना आणि एका एकेरी कयाकच्या मागच्या हॅचचे (सामानाच्या बंद कप्प्याचे) झाकण घट्ट लागत नव्हते. रबराच्या खाचेत वाळू होती. झाकण सैल ठेवून निघणे शक्यच नव्हते, कारण हॅचमधली बंद हवाच उलटलेल्या कयाकला वर ठेवते. खाच बोटाने, मग ओल्या फडक्याने साफ करावी लागली. निघता निघता ८:५० झाले.

काठाने जाणे सोपे गेले. मध्ये भरती जोरात असली, तरी खडकांच्या आडोशाला पाणी जवळपास स्थिर होते, काही ठिकाणी तर उलटे फिरून समुद्राकडेच ढकलत होते. ओलांडण्याच्या जागी पोचले तेव्हा ९:२५ झाले होते. ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे उशीर.

पहिला खरा निर्णय इथे घ्यावा लागला. वारामापकावर पाच नॉट, पाणी गुळगुळीत, सगळे ताजेतवाने. "ताई, दहाच मिनिटं तर आहेत," असे मागून आलेच. प्रमुखाने लगेच उत्तर दिले नाही. तिने सहप्रमुखाला जवळ बोलावले आणि दोघांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला : ९:१५ ही वेळ आपण कशावरून काढली? ती काढली होती बेटाला वळसा आणि तासभर विश्रांती यांना किती वेळ लागेल यावरून. ओलांडण्याच्या धोक्याशी तिचा संबंध नव्हता. उलट दहानंतर भरतीचा जोर कमीच होणार होता. ११:४५ ची वेळ मात्र पाणी फिरण्यावरून काढलेली, तिला हात लावता येत नव्हता. म्हणून तिने सर्वांना सांगितले : ओलांडू, पण बेटाचा वळसा रद्द, परतीची वेळ तीच. मागचा एक जण जरा हिरमुसला, पण कोणी वाद घातला नाही.

ओलांडणे हिशेबाप्रमाणे झाले. दुहेरी कयाक सुरुवातीला सारखी बेटाकडेच नाक करत होती. प्रमुखाने त्यांना बेटाऐवजी डावीकडचे टेकाड नजरेसमोर धरायला सांगितले आणि मग ती रेषेवर राहिली. पावणेदहाच्या आत सगळे वाळूत.

बेटावरची वाळू डोळ्यांदेखत आक्रसत गेली. कयाक दोनदा वर ओढाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी वाळूवर आडवे ठेवलेले एक वल्हे पाण्यावर हलू लागले होते. नवख्या मुलीने धावत जाऊन ते उचलले. ११ वाजता वारामापक नऊ नॉट दाखवत होता. खाडीत अजून फक्त चुण्या होत्या, पण तोंडाबाहेर पांढरे माथे मोजता येतील इतके ठळक दिसत होते. हवामान अंदाजात एवढा वारा दुपारी एकनंतर होता. मोठ्या प्रदेशासाठी दिलेल्या अंदाजात एखाद्या खाडीच्या तोंडाशी खारा वारा किती लवकर धरेल, हे नेमके येत नाही. शिवाय आधीपासून वाहणारा वारा त्याच दिशेचा असेल, तर दोन्ही मिळून जोर वाढतो.

११:०५ ला प्रमुखाने निघायचे सांगितले. हातात अजून ४० मिनिटे होती, डबे अर्धे खाऊन झाले होते. ११:२० ला सगळे पाण्यात होते.

आता वारा बाजूने लागत होता. एकेरी कयाक अशा वेळी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवतात. दोघांनी मागची पाती पाण्यात सोडली आणि त्यांची सरळ चाल परत आली. दुहेरी कयाकला तशी सोय नव्हती. ती सतत समुद्राकडे वळत होती आणि जोडपे एकाच बाजूने वल्हवून थकत होते. अर्ध्या वाटेवर एक मोटरबोट दूरवरून गेली आणि तिच्या मागच्या लाटा तिरक्या आल्या. मध्यम तयारीच्या दोघांपैकी एक त्याच क्षणी मान वळवून दुहेरी कयाक कुठे आहे ते पाहत होती. तिची कयाक उलटली.

ती स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती बसवलेले आच्छादन) ओढून बाहेर आली आणि कयाक धरून राहिली. सहप्रमुख मागेच होता. त्याने तिच्या कयाकचे नाक स्वतःच्या कयाकवर आडवे ओढून पाणी काढले, ती सरळ केली, दोन्ही कयाक एकमेकींना चिकटवून धरल्या आणि ती मागच्या बाजूने पोटावर चढून आत बसली. चार मिनिटे लागली. प्रमुखाने बाकीच्यांना एकत्र ठेवले, दुहेरी कयाकला ओढदोर लावला आणि पुढे निघायला सांगितले; जागेवर थांबले असते तर पुढच्या लाटेला तेही उलटले असते.

त्या चार मिनिटांत दोन कयाक दीडशे मीटर सरकल्या. खाडीच्या आत, रॅम्पच्या दिशेने.

परिणाम

१२:०५ ला शेवटची कयाक रॅम्पला लागली. कोणाला इजा नाही. उलटलेली मुलगी थोडी थरथरत होती. पाणी फार थंड नसले तरी ओल्या अंगाला वारा लागला की उष्णता झपाट्याने जाते. तिने कोरडे कपडे घातले आणि पंधरा मिनिटांत ती ठीक झाली. किनाऱ्यावरच्या मित्राला पोचल्याचा फोन करायचे मात्र राहिले. १२:३० ला त्याचाच फोन आला, तो ड्राय बॅगच्या (पाणी न शिरणाऱ्या पिशवीच्या) तळाशी वाजत राहिला आणि तिसऱ्या खेपेला उचलला गेला.

सहप्रमुख दोनला पुन्हा काठावर गेला होता. ज्या पट्ट्यात कयाक उलटली तिथे पाणी उभे राहून फुटत होते. पहिल्या बेतात त्या वेळी दुहेरी कयाक तिथे असती. कोणी उलटले असते, तर तीन नॉटच्या प्रवाहात चार मिनिटांत पावणेचारशे मीटर सरकले असते, तेही बाहेर, पांढऱ्या माथ्यांच्या दिशेने.

काय वेगळे करता आले असते

तारीख. नवख्यांना पहिल्यांदा वाहते पाणी ओलांडायला न्यायचे असेल, तर भांगाचा दिवस शोधावा असे माझे ठाम मत आहे. उधाणात ही सहल नीट पार पडली, कारण आदल्या दिवशी दोनदा काठावर बसून पाणी पाहणारा माणूस होता. तो प्रत्येक गटात नसतो. आणि तो नसता, तर पाणी १२:०५ ला फिरते असेच सगळे धरून चालले असते. एखाद्या खाडीत ती तफावत उलट्या दिशेनेही असू शकते.

दुसरी गाडी. बेटामागे ४०० मीटरवर रस्ता होता, आणि परत ओलांडणे जमले नाही तर दक्षिण काठावर उतरणे हा उघड मार्ग होता. आराखड्यात तो कोणी लिहिला नाही. तिथे आधीच एक गाडी उभी असती, तर ११:०५ ला प्रमुखाकडे आणखी एक पर्याय असता, आणि वारा बारा नॉटवर गेला असता तर तोच निवडावा लागला असता. परतीचा रस्ता पाण्यातूनच असतो असे धरून चालण्याची सवय मोडायला हवी.

रेडिओ एकट्या प्रमुखाकडे होता. ती दुहेरी कयाक ओढत होती, दोन्ही हात वल्ह्यात. मदत मागायची वेळ आली असती, तर तिला ओढदोर सोडून रेडिओ काढावा लागला असता. दुसरा रेडिओ सहप्रमुखाकडे हवा होता. एकच असेल, तर ज्याच्यावर त्या क्षणी कमी भार पडेल अशाकडे तो द्यावा आणि बोलायचे कसे ते मध्यम तयारीच्या दोघांनाही शिकवून ठेवावे.

कयाकची जोडणी आदल्या दिवशी व्हायला हवी होती. रॅम्पवर गेलेली ३५ मिनिटे हीच पुढच्या दहा मिनिटांच्या पेचाचे कारण.

उलटलेल्या मुलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुहेरी कयाक कुठे आहे हे पाहण्याची जबाबदारी तिची नव्हती, पण ती कोणाची आहे हे तिला कोणी सांगितलेही नव्हते. निघण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगता आले असते : मागचे मी पाहतो, तुम्ही फक्त समोर आणि लाटेकडे पाहा. अरुंद कयाकमध्ये मान मागे वळवली की वजन कुल्ह्यावर सरकते. नवख्यांची काळजी करणारी माणसेच अशा वेळी उलटतात.

९:२५ च्या निर्णयावर प्रमुखाचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. तिचे म्हणणे, मर्यादा कशावरून काढली हे ठाऊक असेल तर ती तपासून हलवता येते. तिचा तर्क बरोबर होता, आणि तिने हलवताना मोबदल्यात बेटाचा वळसा काढून टाकला, हेही मला पटते. माझी हरकत वेगळी आहे. हा विचार शनिवारी फोनवर व्हायला हवा होता. पाण्यावर, पाच जण उत्साहाने तोंडाकडे पाहत असताना, योग्य कारण आणि सोयीचे कारण यांतला फरक ओळखणे अनुभवी माणसालाही जड जाते; आणि गटातल्या चौघांना त्या दिवशी जे दिसले ते एवढेच की ठरलेली वेळ उलटून गेली तरी आपण गेलो.

तिने एक बदल मात्र लगेच स्वीकारला. आता तिच्या आराखड्याच्या कागदावर प्रत्येक वेळेसमोर कारण लिहिलेले असते : ही प्रवाहामुळे, ही उजेडामुळे, ही फक्त आपल्या हौसेसाठी. तिसऱ्या प्रकारच्या वेळा ती पेन्सिलने लिहिते. पुढची सहल त्याच बेटाची आहे, भांगाच्या रविवारी, आणि दक्षिण काठावर गाडी नेऊन ठेवण्याचे काम त्या जोडप्याने आपणहून घेतले आहे.